समुद्रकाठच्या छपरावरची हायब्रीड सौरयंत्रणा : एका पूर्ण पावसाळ्यानंतरचे परीक्षण

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घराच्या स्लॅबवर ३.३ किलोवॉट क्षमतेची सौरयंत्रणा बसवून आता एक पूर्ण पावसाळा उलटला आहे. ती घेण्यापूर्वी सौरविजेविषयी जे वाचायला आणि ऐकायला मिळाले, ते जवळजवळ सगळे घाटावरच्या, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर अशा कोरड्या हवेतल्या छपरांना लागू पडणारे होते. खारे वारे, चार महिन्यांचा पाऊस, माडांची सावली आणि पावसाळ्यात वारंवार जाणारी वीज हे सारे ज्या घराच्या वाट्याला येते, त्याने नेमके काय घ्यावे, पैसे कशावर खर्च करावेत आणि कशावर करू नयेत, हे कोणी सविस्तर लिहिलेले आढळले नाही. म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. यंत्रणा उत्तम आहे, आणि कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांनी हायब्रीड यंत्रणाच, म्हणजे बाहेरच्या विजेला जोडलेली आणि शिवाय बॅटरी असलेली यंत्रणा, घ्यावी. मात्र तिचे यश पॅनेलच्या कंपनीवर फारसे ठरत नाही. ते पॅनेलखालच्या लोखंडावर, जमिनीतल्या अर्थिंगवर आणि घरातल्या बॅटरीवर ठरते, आणि विक्रेते नेमके याच तीन गोष्टींविषयी सर्वांत कमी बोलतात.

आमच्याकडे ५५० वॉटची सहा पॅनेल्स आहेत. ती टॉपकॉन (सिलिकॉन घटांचा एक नवा, अधिक कार्यक्षम प्रकार) प्रकारची, भारतीय बनावटीच्या सौरघटांची, म्हणजे उन्हाची वीज करणाऱ्या चकत्यांची, आहेत. सरकारी अनुदान हवे असेल तर घट आणि पॅनेल दोन्ही देशातच तयार झालेले असावे लागतात. प्रत्येक पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडे मोठे असल्याने सहा पॅनेल्सना मधल्या फटींसह साधारण वीस चौरस मीटर जागा लागली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्के ऊर्जेची वीज करत असे. आज बाजारात सर्रास मिळणारे पॅनेल एकवीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. पॅनेल्सखेरीज हायब्रीड इन्व्हर्टर (पॅनेल्सची व बॅटरीची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र), ५१.२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, स्ट्रक्चर म्हणजे पॅनेल्सचा लोखंडी सांगाडा, वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दंड), तीन स्वतंत्र अर्थिंग आणि नेट मीटर (बाहेर दिलेली व बाहेरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असा एकूण पसारा आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण तेच पॅनेल आणि तोच इन्व्हर्टर बसवणाऱ्याच्या हातानुसार वेगळे फळ देतो, हे आसपासची घरे पाहून माझ्या ध्यानात आले आहे.

हायब्रीड का, हा पहिला प्रश्न. साध्या ऑन-ग्रिड यंत्रणेत पॅनेल्सची वीज इन्व्हर्टरमार्फत घरात येते, उरलेली बाहेरच्या तारेवर जाते आणि कमी पडल्यास तारेवरून येते. बॅटरी नसल्याने ती स्वस्त पडते, आणि केवळ बिल कमी करायचे असेल तर तिच्याइतका किफायतशीर दुसरा मार्ग नाही. परंतु बाहेरची वीज गेली की ही यंत्रणा त्याच क्षणी बंद होते, मग वर लख्ख ऊन का असेना. हा दोष नसून सुरक्षेची तजवीज आहे. ज्या तारेत वीज नाही असे समजून वायरमन खांबावर चढला आहे, तिच्यात एखाद्या घराच्या छपरावरून वीज शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल; म्हणून पुरवठा थांबला की इन्व्हर्टरने स्वतःला तारेपासून तोडून घ्यावे, असे बंधन असते. पुष्कळ लोकांना हे यंत्रणा बसल्यानंतर, पहिल्या वादळी दुपारी कळते. हायब्रीड इन्व्हर्टर मात्र बाहेरच्या तारेपासून घर तोडून घेतो आणि घरातला ठरावीक भाग बॅटरी व पॅनेल्सवर चालू ठेवतो. आमच्याकडे हा बदल इतक्या चटकन होतो की पंखा मंदावल्याचेही जाणवत नाही.

कोकणाला वीजनिर्मिती नवी नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून चिपळूण तालुक्यातील पोफळी-अलोरे परिसरातल्या वीजगृहांत येते, आणि त्या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. आमच्याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनच्या काळात उभा राहिलेला आणि २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने ओळखला जाणारा वायुविद्युत प्रकल्प आहे. खाडीपलीकडे जयगडला १२०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. तरीही पावसाळ्यात घरातली वीज जाते, कारण वीज तयार करणे आणि ती शेवटच्या खांबापर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि डोंगरउतारावरून, आंबा-फणसाच्या झाडीतून गेलेल्या उघड्या तारांना जून-जुलैचा वारा पुरतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत हजारो खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना वीज परत येण्यासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुरात बुडाले. मोठ्या प्रकल्पांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु किनाऱ्यावरच्या घराला वीज कोठे तयार होते यापेक्षा ती कोठे साठवलेली आहे, हे संकटाच्या वेळी अधिक महत्त्वाचे ठरते, एवढे या दोन वर्षांनी शिकवले.

बॅटरीची कसोटी गेल्या पावसाळ्यात लागली. वाऱ्याने झाड तारेवर पडले आणि आमच्या वाडीतला पुरवठा काही दिवस बंद राहिला. ५१.२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-तास म्हणजे ५१२० वॉट-तास, अर्थात ५.१२ युनिट, त्यातील नव्वद टक्के वापरायचे ठरवले तर साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज हाताशी असते. फ्रिजला दिवसाकाठी सुमारे एक युनिट लागते. घरातले पंखे आम्ही आधीच बीएलडीसी मोटरचे घेतले होते, जे जुन्या पंख्यांच्या पंचाहत्तर वॉटऐवजी तीस-पस्तीस वॉटांत चालतात. असे चार पंखे रात्रभर चालले तरी एखाद्या युनिटात भागते. दिवे, मोबाइल, इंटरनेटचा राउटर आणि बातम्यांपुरता टीव्ही धरूनही रात्र निभावून सकाळी बॅटरीत थोडी वीज शिल्लक राहत असे. आकाश पूर्ण झाकोळलेले असतानाही दिवसभरात पॅनेल्सनी चार-पाच युनिट दिले, अगदी अंधारून आलेल्या दिवशी त्याहून कमी, आणि तेवढ्यावर पुढची रात्र काढता आली. घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा शीतपेटीत ठेवलेले इन्सुलिन असलेल्या कुटुंबासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे मुंबईची मुले-नातवंडे गणपतीला येतात आणि घर पंधरा-वीस माणसांनी भरते, त्यांनी मात्र हिशेब वेगळा करावा. ऐन भाद्रपदात, ढगाळ हवेत, एवढी बॅटरी त्या गर्दीला पुरणार नाही.

पाण्याच्या पंपाकडे बसवणाऱ्या एजन्सीने सुरुवातीला पुरेसे लक्ष दिले नव्हते. विहिरीवरचा पंप चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि तेवढा झटका बॅटरीवर चाललेल्या तीन किलोवॉटच्या इन्व्हर्टरला पेलत नाही. शेवटी वाडीला शिंपणाचे पाणी देणारा मोठा पंप बाहेरच्या विजेवरच ठेवला आणि घरच्या टाकीसाठी अर्ध्या अश्वशक्तीचा लहान पंप बॅकअपच्या, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या, मार्गावर घेतला. वीज गेली तरी घरात पाणी असते, हे समाधान मोठे आहे. आपल्या घरातली कोणती उपकरणे बॅकअपवर हवीत याची यादी वायरिंगच्या आधी कागदावर करून एजन्सीला द्यावी. नंतर भिंती फोडून बदल करणे त्रासाचे होते.

लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण शिशाच्या बॅटरीशी तुलना करून पुष्कळ लोक किमतीला घाबरतात. आमच्याकडे पूर्वी इन्व्हर्टरला जोडलेली शिशाची ट्युब्युलर बॅटरी होती. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागे, टोकांवर पांढरा-हिरवा थर साचे, आणि निम्म्याहून अधिक खोलवर वारंवार रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटत असे. नव्या बॅटरीला देखभाल जवळजवळ नाही, ती बहुतांश रिकामी करता येते आणि चार ते सहा हजार वेळा भरता-रिकामी करता येईल अशी उत्पादकांची हमी असते. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतील जॉन गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात या लोह-फॉस्फेट रसायनाचा शोध लागला. यात महागडे कोबाल्ट लागत नाही आणि तापल्यावर पेट घेण्याची शक्यता इतर लिथियम प्रकारांपेक्षा पुष्कळ कमी असते. माजघराच्या भिंतीवर बॅटरी टांगायची असेल तेव्हा हा गुण सर्वांत वर मानावा. बॅटरी स्लॅबवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, एवढे मात्र पाळावे. उन्हाळ्यात तिथली उष्णता तिचे आयुष्य खाते.

वीजनिर्मितीचे वर्षभराचे चित्र घाटावरच्यापेक्षा वेगळे आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट असा ढोबळ हिशेब सांगितला जातो, आणि वर्षाच्या सरासरीत आम्ही त्याच्या खाली आहोत. ऑक्टोबरअखेर ते मे या काळात रोज बारा-तेरा युनिट सहज मिळतात. जुलैमध्ये ते निम्म्याहून खाली येतात. आश्चर्य वाटेल, पण सर्वांत कडक उन्हाचा दिवस सर्वाधिक विजेचा नसतो. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी काच साठ अंशांपुढे तापते आणि तापमान वाढेल तशी क्षमता दर अंशामागे सुमारे ०.३ टक्के घटते. समुद्राचा वारा पॅनेलखालून खेळता राहिला तर हा तोटा कमी होतो, म्हणून स्ट्रक्चर स्लॅबला चिकटवून न बसवता खाली मोकळी जागा ठेवली हे बरे झाले.

पॅनेलच्या तिरपेपणाविषयीही पुस्तकी नियम येथे जसाच्या तसा लावू नये. अक्षांशाइतका कल द्यावा असे सांगतात, म्हणजे गुहागरला सुमारे साडेसतरा अंश. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, आणि दक्षिणेकडे जास्त कललेले पॅनेल त्या काळात थोडे नुकसान सोसते. शिवाय कल जितका अधिक, तितका वादळाचा वारा त्याला खालून उचलणार. आम्ही बारा अंशांच्या आसपास कल ठेवला. पावसाने काच धुऊन निघायला एवढा पुरतो, आणि वाऱ्याला पकड कमी मिळते.

आता लोखंड. माझ्या मते या साऱ्या परीक्षणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पॅनेलवर पंचवीस-तीस वर्षांची वीजनिर्मितीची हमी मिळते. ज्या सांगाड्यावर ते उभे असते तो खाऱ्या हवेत पाच वर्षे टिकेल की नाही, याची हमी कोणी देत नाही. बाजारात दोन प्रकार चालतात. एकात आधीच जस्ताचा पातळ मुलामा दिलेला चौकोनी जीपी पाईप आणून जागेवर कापतात, वेल्डिंग करतात आणि जोडांवर चंदेरी रंग मारतात. दुसऱ्यात सगळे भाग कारखान्यात कापून, भोके पाडून, मग वितळलेल्या जस्तात बुडवतात, ज्याला हॉट-डिप म्हणतात. त्यावर जस्ताचा थर ऐंशी मायक्रॉनच्या आसपास असतो आणि कापलेल्या कडा व भोकेही त्याने झाकली जातात. जीपी पाईपावरचा मुलामा याहून कितीतरी पटींनी पातळ असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो नेमका जोडावरच जळून जातो. किनाऱ्यावर गंज धरतो तो तिथूनच.

आमच्या करारात हॉट-डिप स्ट्रक्चर असे स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्ष टेम्पोतून उतरला तो जीपी पाईप. कामाला आलेल्या मुलाने मोकळेपणाने सांगितले, “काका, सिल्व्हर मारला की पाच वर्षं बघायला नको, सगळीकडे हेच लावतो.” त्याचा दोष नव्हता, त्याला जे दिले ते तो लावत होता. एजन्सीशी पत्रव्यवहार करून, पैशांचा शेवटचा हप्ता थांबवून आम्ही ते बदलून घेतले, आणि त्यात काम काही आठवडे लांबले. नट-बोल्टांचेही तसेच झाले. निम्मे स्टेनलेस स्टीलचे होते, निम्मे जस्ताचा मुलामा दिलेले साधे. साधे होते ते दिवाळीपर्यंत तांबूस पडले. आता सगळे स्टेनलेस आहेत. त्यातही ३०४ आणि ३१६ असे दोन दर्जे येतात, आणि मोलिब्डेनम हा धातू मिसळलेला ३१६ क्षारापुढे अधिक टिकतो. समुद्रासमोरच्या घरांनी थोडे पैसे जास्त देऊन तोच मागावा. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीला निराळ्या धातूचा थेट स्पर्श झाला आणि त्यात खारे पाणी साचले की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून मध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा वॉशर हवा. हा वॉशर काही रुपयांना मिळतो आणि बहुतेक ठिकाणी तो घातलेला नसतो. पॅनेल घेताना त्याने आयईसी ६१७०१ ही क्षारफवाऱ्याची चाचणी उत्तीर्ण केली आहे का, हेही विचारावे. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ते छापलेले असते.

अर्थिंगचे काम जागेनुसार फार बदलते. आमची वाडी पुळणीलगतच्या ओलसर जमिनीत असल्याने अर्थिंगचा रोध सहज पाच ओहमच्या खाली आला. परंतु सड्यावर, जांभ्याच्या कातळावर घर असलेल्यांना हे सोपे नाही. कातळ एप्रिल-मेमध्ये पूर्ण कोरडा होतो आणि त्यातून वीज जमिनीत उतरतच नाही. तिथे खोल बोअर घेऊन त्यात इलेक्ट्रोड सोडावा लागतो, आणि हा खर्च पहिल्या कोटेशनमध्ये कधी दाखवलेला नसतो. मे महिन्यातल्या वळिवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या विजा ज्यांनी सड्यावर पाहिल्या आहेत, त्यांनी या खर्चात कपात करू नये. वीजरोधकाचे, डीसी बाजूचे (पॅनेल्सकडचे) आणि एसी बाजूचे (घराच्या विजेकडचे) अर्थिंग वेगवेगळे हवे, आणि काम संपल्यावर मीटर लावून रोध मोजून दाखवायला सांगावे.

माडांच्या सावलीवर सोपा उपाय नाही. पॅनेलमधले घट एका माळेत जोडलेले असल्याने एका झावळीची सावली तिच्या आकारापेक्षा पुष्कळ अधिक वीज घालवते. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या घटांच्या पॅनेलमध्ये हे नुकसान पूर्वीपेक्षा कमी होते, पण संपत नाही. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर लावण्याचा पर्याय आहे, तो महाग आहे, आणि मुरूड, आंजर्ले, गुहागर अशा दाट वाड्यांच्या गावांत त्याचा विचार गंभीरपणे व्हावा. पॅनेलवरून माड झुकलेला असेल तर तेथे पॅनेल बसवूच नये. पॅनेलच्या काचेची चाचणी पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या गारेने घेतात, जिचे वजन काही ग्रॅम असते. दीड किलोचा नारळ पन्नास फुटांवरून पडला तर कोणतीही काच टिकणार नाही. उत्पन्न देणारा माड तोडून सौरवीज घेणे मला पटत नाही. त्यापेक्षा पॅनेल्स मांगरावर (वाडीतल्या कोठाराच्या छपरावर) किंवा खळ्याच्या मोकळ्या बाजूला न्यावीत.

नेट मीटरची पद्धत कोकणाला एका अनपेक्षित रीतीने सोयीची पडते. महिन्याला बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज यांची वजाबाकी होते आणि जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, मिटवला जातो आणि उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो तो आपण विकत घेत असलेल्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट त्यामुळे नेमके जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत कामी येतात. उलट हिवाळ्यात फार युनिट साचवून उपयोग नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मिक्सर, इस्त्री, पाण्याचा हीटर, वाडीचे शिंपण ही कामे निःशंकपणे दिवसा करावीत. स्थिर आकार मात्र दरमहा भरावाच लागतो, बिल शून्य होते हे जाहिरातीतले वाक्य खरे नाही.

खर्चाचा हिशेब स्पष्ट सांगितला पाहिजे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. आमची रक्कम खात्यात विनातक्रार जमा झाली. पण बॅटरीला अनुदान नाही, आणि हायब्रीड इन्व्हर्टर, बॅटरी व चांगले स्ट्रक्चर धरून आमचा एकूण खर्च तेवढ्याच क्षमतेच्या साध्या ऑन-ग्रिड यंत्रणेच्या दीडपटीहून अधिक झाला. केवळ वाचलेल्या बिलातून बॅटरीची किंमत वसूल होईल असे मी म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याला शंभर युनिटही लागत नाहीत आणि वीज क्वचित जाते, त्यांनी बॅटरीच्या भानगडीत पडू नये. दोन किलोवॉटची ऑन-ग्रिड यंत्रणा त्यांना पुरेशी आहे. पर्यटकांना खोल्या देणारे, आंबा-काजूवर प्रक्रिया करणारे, मासळी शीतपेटीत ठेवणारे किंवा घरून संगणकावर काम करणारे लोक मात्र आज जनरेटरच्या डिझेलवर जे घालवतात, त्यात हा हिशेब लवकर जुळतो.

नवे तंत्रज्ञान येणार आहे, मग थांबावे का, असे पुष्कळ जण विचारतात. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा थर सिलिकॉनवर देऊन प्रयोगशाळेत चौतीस टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठली गेली आहे, आणि ती प्रगती खरी आहे. परंतु तो पदार्थ दमटपणाला नाजूक आहे, आणि जिथे आषाढात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथल्या छपरावर तो वर्षानुवर्षे टिकल्याखेरीज त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सोडियम-आयन बॅटरीचे मला अधिक अप्रूप आहे, कारण सोडियम विपुल आणि स्वस्त आहे. ती घरगुती वापरासाठी सहज मिळू लागली की साठवणुकीची किंमत उतरेल. मोठा बदल मात्र आधीच सुरू झाला आहे, तो दराच्या वेळापत्रकात. देशाची सौरक्षमता जानेवारी २०२५ अखेर १०० गिगावॉटपर्यंत पोहोचली, दुपारी वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला ती कमी पडते. म्हणूनच स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महाराष्ट्रात सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली आहे. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हे अंतर जसजसे वाढेल तसतशी घरातली बॅटरी विजेच्या हिशेबातही परवडू लागेल. म्हणून पॅनेल्स आजच घ्यावीत, आणि इन्व्हर्टर असा घ्यावा की त्याला पुढे दुसरी बॅटरी जोडता येईल.

बसवून देणाऱ्या एजन्सीला मी मध्यम गुण देईन. नेट मीटरची कागदपत्रे त्यांनी नीट हाताळली, वायरिंग सुबक केले, मोबाइलवरचे ॲप समजावून दिले. स्ट्रक्चरच्या बाबतीत त्यांनी करार मोडला आणि पावसाळ्यात इन्व्हर्टरने दोष दाखवल्यावर माणूस यायला फार वेळ लागला, कारण दुरुस्ती करणारा एकच तंत्रज्ञ रत्नागिरीपासून मंडणगडपर्यंत फिरत होता. योजनेच्या अटींनुसार पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या माथी असते. ती करारात तारखांसह लिहून घ्यावी, पावसाळ्यापूर्वीची आणि दिवाळीनंतरची अशी वर्षातून दोनदा तपासणी त्यात नमूद करावी, आणि आपल्या तालुक्यात त्यांचा माणूस आहे का ते आधी विचारावे. दूरच्या शहरातल्या नामांकित कंपनीपेक्षा चिपळूण किंवा दापोलीतला, फोन उचलणारा वायरमन मला अधिक मोलाचा वाटतो.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती घ्यावे. सिमेंटचे ठोकळे नीट वाळतात, कातळातले अर्थिंग खऱ्या कोरड्या स्थितीत मोजता येते, एप्रिल-मेचे युनिट पावसाळ्यासाठी जमा होतात आणि मृगाचा पहिला वारा येण्यापूर्वी एखादा बोल्ट सैल राहिला असेल तर तो आवळायला वेळ मिळतो.